सरपंचपद घरात येणार म्हटल्यावर घरात नेमकं काय बदलतं? (वहिनीसाठी विचारतेय)

केतकी_म | सोमवार, रात्री १०:४२

इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायला बसले कारण विषय घरचाच आहे.

आमच्या गावच्या सरपंचपदाची आरक्षण सोडत झाली आणि नामाप्र (म्हणजे ओबीसी) महिला निघालं. दादा कित्येक वर्षं गावात राबतोय, एक टर्म सदस्य होता, सोसायटीवर संचालक आहे, पुढचा सरपंच तोच असं सगळं गाव धरून चाललं होतं. सोडत निघाली त्याच रात्री आमच्या ओट्यावर बैठक बसली आणि वहिनीचं नाव ठरलं. ठरलं तेव्हा वहिनी आत सगळ्यांचा चहा करत होती. तिला कळलं दुसऱ्या दिवशी, ते पण आईकडून.

वहिनी बीएस्सी आहे, धाकटा होईपर्यंत तालुक्याला क्लासमध्ये गणित शिकवायची. हिशेबाला पक्की, बोलायला कमी. तिने मला फोन केला, म्हणाली ताई मी नाही म्हटलं तर यांची सगळी वर्षं वाया जातील आणि हो म्हटलं तर मी नुसती सहीपुरती राहीन, तुम्हीच सांगा काय करू.

माझं मत स्पष्ट आहे, तिने उभं राहावं पण दादाची बदली म्हणून नाही. पण मी पुण्यात बसून हे बोलणं सोपं आहे. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा, घरात काय बदलतं? कुठे अडतं? आणि आधीच काय बोलून ठेवलं तर बरं पडतं?

---

उमाताई_जालना | सोमवार, रात्री ११:०५

पहिला प्रश्न, वहिनीला स्वतःला हवंय का? पोस्टमध्ये सगळ्यांचं मत आलं, तुझंसुद्धा आलं, तिचं नाही आलं.

---

भाऊसाहेब_नगरी | सोमवार, रात्री ११:३१

मी थोडा वेगळा सूर लावतो. ओट्यावर ठरलं म्हणजे लगेच अन्याय झाला असं नाही. गावात पुरुषाचं नावसुद्धा तो स्वतः ठरवत नाही हो, भावकी ठरवते, पॅनलप्रमुख ठरवतो, आमदाराचा माणूस येऊन ठरवतो. माझे चुलते सरपंच होते, त्यांना पण रात्री झोपेतून उठवून सांगितलं होतं की उद्या तुझा फॉर्म भरायचाय.

निवडणूक घर लढवतं, ही गावची रीत आहे. नवऱ्याने मदत केली, सोबत तालुक्याला गेला, कागद समजावून सांगितला तर त्यात वाईट काय? बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) केबिनमध्ये पहिल्यांदा जाताना पुरुषाचे पण पाय लटपटतात. आपल्याकडे ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ ला लागू झाली, २०११ ला निम्म्या जागा बायकांना झाल्या, आणि सुरुवातीला ज्यांना घरच्यांनी ढकलून उभं केलं त्यातल्याच कितीतरी जणी पुढे पंचायत समितीपर्यंत गेल्या. आत पाऊल पडू द्या की आधी.

---

उमाताई_जालना | सोमवार, रात्री ११:४४

भाऊसाहेब, तुमच्या चुलत्यांना झोपेतून उठवलं पण उठवून त्यांनाच सांगितलं ना. आणि निवडून आल्यावर फोन त्यांच्याच खिशात वाजत होता. इथे फोन नवऱ्याच्या खिशात वाजतो. मदत करणं आणि जागा बळकावणं यात तेवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

---

माजी_ग्रामसेवक | मंगळवार, सकाळी ६:५०

नोकरीत असताना बऱ्याच गावांचा कारभार बघितला (आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आमच्या वेळी ग्रामसेवकच होतं). जे बघितलं ते लिहितो.

मासिक सभेला बाई येते, खुर्चीवर बसते, शेजारच्या खुर्चीवर मालक. चर्चा मालक करतो. सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची वही, घरी जातं आणि सही होऊन येतं. काही घरी तर कोरी पानंसुद्धा सही करून आलेली पाहिली आहेत, त्यावर नंतर काय लिहिलं जाईल हे त्या माउलीला कधीच कळणार नाही, पण चौकशी लागली की नाव तिचं, वसुली तिच्यावर.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. ग्रामसेवकाला पण ते सोयीचं जातं, एकाच माणसाशी बोललं की काम होतं. यात आमच्या खात्यातल्या लोकांचा वाटा आहे हे मी स्पष्ट म्हणतो. बाई ऑफिसात एकटी आली तर तिला समोर बसवून फाईल समजावून सांगणं हे आमचं काम, ते न करता 'साहेबांना पाठवा' म्हणणारे खूप होते.

केतकीताई, वहिनींना सांगा, पहिल्या महिन्यात फक्त तीन गोष्टी मागून घ्यायच्या. नमुना ५ म्हणजे रोकडवही, बँकेचं पासबुक आणि प्रोसिडिंग बुक. गणिताच्या बाई आहेत म्हणता, मग रोकडवही त्यांना कुणापेक्षाही लवकर कळेल.

---

शेवंता | मंगळवार, दुपारी २:१५

मी पूर्ण टर्म सरपंच होते. गाव सांगत नाही, मराठवाडा एवढं पुरे. माझंही नाव घरातच ठरलं होतं. केतकीने विचारलंय की घरात काय बदलतं, तर जे बदललं ते सगळं लिहिते, लांब होईल.

पहिला बदल दाराचा. रात्री नऊ वाजता पण दार वाजतं. दाखला पाहिजे, पाणी आलं नाही, डीपी जळालाय, भावाभावात बांधावरून मारामारी झालीय. येणारा माणूस विचारतो 'आहेत का घरात', म्हणजे नवरा आहे का. मी म्हणायचे मी आहे, बोला. तर म्हणायचे नाही, नंतर येतो. हे असं कित्येक महिने चाललं. मग मी ठरवलं की सकाळी दहा ते बारा मी ग्रामपंचायतीत बसणार, घरी कुणाचं काम ऐकणार नाही. नवरा चिडला, लोक काय म्हणतील, दारावर आलेल्याला परत पाठवतेस. पण दोन-तीन आठवड्यांत लोकांना सवय लागली आणि घरातला चहाचा राबता पण कमी झाला.

दुसरं मोबाईल नंबरचं. हे नीट वाचा, याच्यावर कुणी बोलत नाही. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाईन जातो, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, त्याचा डोंगल असतो. माझा डोंगल काढताना फॉर्मवर नंबर नवऱ्याचा टाकला गेला. म्हणजे ओटीपी त्याला, डोंगल त्याच्या बॅगेत, आणि सही माझी! मी स्वयंपाक करत असताना तिकडे तालुक्याच्या कम्प्युटर सेंटरवर माझ्या सहीने बिल निघालेलं असायचं. मला हे कळलं एका गटाराच्या बिलावरून. मी रोज त्या गल्लीतून जायचे, गटार अर्धंच झालं होतं आणि पैसे पूर्ण गेलेले.

घरात बोलले तर हे म्हणाले तुला त्यातलं कळत नाही, ठेकेदार आपलाच माणूस आहे, करेल पूर्ण. मी त्या दिवशी माहेरी गेले नाही, रडत बसले नाही. तालुक्याला जाऊन अर्ज दिला, नंबर बदलून घेतला, नवीन डोंगल माझ्याकडे आला. पुढच्या बिलाला मी म्हटलं मोजमाप पुस्तिका दाखवा, इंजिनियरची नोंद बघितल्याशिवाय माझी सही नाही. आमच्या घरात नंतर किती दिवस कुणी कुणाशी बोललं नाही ते विचारू नका. मुलं मधल्या मध्ये निरोप्याचं काम करायची.

आणि या सगळ्यात माझ्या बाजूने उभी राहिली ती सासू. जिच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. ती मुलाला म्हणाली, तिच्या नावावर तुरुंगाची पाळी आली तर तू जाणार आहेस का तिच्या जागी. मासिक सभेच्या दिवशी स्वयंपाक तिने अंगावर घेतला तो टर्म संपेपर्यंत. नवरा हळूहळू वळणावर आला, शेवटच्या दोन वर्षांत तो मला गाडीवर सोडायचा आणि बाहेर टपरीवर थांबायचा, आत यायचा नाही. त्याच्यासाठी ते सोपं नव्हतं, त्याला लोक चिडवायचे, हे पण मी बघितलंय आणि त्याची मला किंमत आहे.

वहिनीला सांग, उभी राहा. पण फॉर्म भरायच्या आधी नंबर स्वतःचा, सिम स्वतःच्या नावावर, बँकेत मानधनाचं खातं स्वतःचं. हे तीन घरात आधी कबूल करून घे.

---

रानवारा | मंगळवार, दुपारी २:४०

शेवंताताई, साष्टांग नमस्कार. तुमच्या सासूबाईंना पण.

---

पारिजात | मंगळवार, दुपारी ३:०२

मानधनावरून विचारते, ते किती असतं आता? माझ्या मावसबहिणीचं तर तिला कधी दिसलंच नाही.

---

माजी_ग्रामसेवक | मंगळवार, दुपारी ३:२०

सप्टेंबर २०२४ ला दुप्पट केलं. लोकसंख्या दोन हजारांपर्यंत असेल तर ३००० चे ६०००, दोन ते आठ हजारांत ४००० चे ८०००, त्याच्या वर ५००० चे १००००. मावसबहिणीचं पासबुक बघायला सांगा, जमा होत असणार, फक्त काढतंय कोण ते बघा.

---

अ‍ॅड_बार्शीकर | मंगळवार, सायंकाळी ७:३०

अनुभव लोक सांगतायत, मी कायद्याचं सांगतो. ग्रामपंचायत अधिनियम कलम १४ अपात्रतेचं आहे आणि माझ्या मते ते अख्खं कलम घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं, कारण त्यातल्या अर्ध्या गोष्टी उमेदवारापेक्षा कुटुंबाच्या आहेत.

दोन अपत्यांची अट सगळ्यांना माहीत असते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे एकूण संख्या दोनच्या वर गेली तर उमेदवारी जाते, निवडून आल्यावर झालं तरी पद जातं. मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही, २०१८ ला ओडिशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलंय. या अटीपायी तिसरं मूल दुसऱ्याच्या नावावर दाखवणं, आईलाच माहेरी ठेवणं असले प्रकार होतात आणि ते भोगावं बाईलाच लागतं.

घरपट्टी, पाणीपट्टी. बिल मिळून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता येऊ शकते आणि एकत्र कुटुंब असेल तर एकाची थकबाकी बाकीच्यांना पण भोवते. त्यामुळे चुलत्याची पट्टी तुमच्या वहिनीला आडवी येऊ शकते. फॉर्म भरायच्या आधी सगळ्यांची भरून टाका, पावत्या ठेवा.

अतिक्रमण. घर सरकारी जागेवर सरकलंय का बघा. २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धरलं की अतिक्रमण मूळ कुणीही केलेलं असो, तिथे राहून त्याचा फायदा घेणारा कुटुंबातला सदस्यही अपात्र ठरतो. पण दुसरी बाजू पण ऐका. जळगाव जिल्ह्यात विचखेड्याच्या महिला सरपंचांना ती सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून काढलं होतं, खालपासून वरपर्यंत सगळीकडे हरल्या, आणि २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. कोर्टाने तेव्हा सरळ म्हटलं की बाई सरपंच झाली हे गावाला पचलेलं दिसत नाही आणि अधिकाऱ्यांनीही आरोप नीट न तपासता काढून टाकलं. तक्रारीमागे काय असतं हे कोर्टालाही दिसतं.

जातीचा दाखला. नामाप्र म्हणता तर दाखला वहिनींचा, माहेरचा लागेल. लग्नाने जात बदलत नाही, आरक्षणासाठी जन्माची जात बघतात. म्हणजे वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले, सगळं माहेरी. पडताळणीचा अर्ज केल्याची पावती लावून फॉर्म भरता येतो पण नंतर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. माहेर-सासर बोलणं बंद असेल तर इथे अडतं, मी अशा केस बघितल्यात.

आणि मतदारयादी. नाव गावच्याच यादीत पाहिजे. लग्नाला दहा वर्षं झाली तरी नाव माहेरच्या यादीत, असं सर्रास असतं. फॉर्म ८ भरून हलवून घ्या, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका.

शेवटचं, आणि हे चांगलं आहे. सरपंच बाई असेल तर अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. त्यामुळे 'ऐकली नाही तर पाडू' या धमकीला घाबरायचं कारण नाही. घरातल्याही.

---

केतकी_म | मंगळवार, रात्री ९:१०

बापरे. वहिनीचं नाव कुठे आहे तेच बघितलं नव्हतं कुणी, आत्ता विचारलं तर माहेरच्याच यादीत आहे!! दादाला वकीलसाहेबांची पोस्ट जशीच्या तशी पाठवलीय.

---

मिलिंद_ठाणे | मंगळवार, रात्री १०:३३

अवांतर होईल थोडं, पण राजकारण घरात शिरलं की घराचं काय होतं हे तर आपण सगळ्यांनी बघितलंच आहे. २०२४ ला लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. त्याच वर्षी विधानसभेला तिथेच काका-पुतण्या. अहेरीत बाप-लेक, धर्मरावबाबा आत्राम आणि भाग्यश्री आत्राम. कन्नडला तर विभक्त राहणारे नवरा-बायको एकमेकांसमोर होते, त्यात संजना जाधव जिंकल्या. बंगालमध्ये सौमित्र खान यांच्या पत्नी २०२० ला दुसऱ्या पक्षात गेल्या तर त्यांनी पत्रकार परिषद घेऊन घटस्फोटाची नोटीस देणार म्हणून सांगितलं, आणि २०२४ ला दोघं विष्णुपूरमधून आमनेसामने लढले.

बारामतीच्या निकालानंतर काही महिन्यांनी अजित पवार स्वतः म्हणाले होते की बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करायला नको होतं, राजकारण घरात शिरू द्यायचं नसतं. एवढ्या मुरलेल्या माणसाला हे जाहीरपणे म्हणावंसं वाटलं यातच सगळं आलं.

---

भाऊसाहेब_नगरी | मंगळवार, रात्री १०:५०

मिलिंदराव, तिथे गाड्या आहेत, बंगले आहेत, निकालानंतर जो तो आपल्या घरी जातो. गावात भावकीचं भांडण झालं की विहीर एक, बांध एक, रस्ता एक. दोन सख्ख्या जावा समोरासमोरच्या पॅनलमधून उभ्या राहिल्याचं मी बघितलंय. निकालानंतर पाण्याच्या पाळीवरून कोर्टात गेले, पोरांच्या लग्नाला एकमेकांकडे नाहीत. मोठ्या नेत्यांची उदाहरणं वाचून आपण हळहळतो, खरा त्रास गावात आहे.

केतकीताई, तुमच्या भावकीत दुसरं कुणी इच्छुक आहे का ते आधी बघा. असेल तर वहिनींनीच त्या घरी जावं, दादांनी नाही. बायका एकमेकींशी जे बोलू शकतात ते पुरुष ओट्यावर नाही बोलत.

---

उमाताई_जालना | मंगळवार, रात्री ११:०२

हे मात्र भाऊसाहेब लाख बोललात.

---

रानवारा | बुधवार, सकाळी ११:२०

उभं राहायचं नसलं तरी राजकारण संसारात असतंच. आमच्याकडे मी एका बाजूची, नवरा दुसऱ्या. पक्षांची नावं घेत नाही, धागा पेटेल. लग्नाआधी माहीत होतं पण तेव्हा वाटायचं एवढं काय. मग एकेका निवडणुकीला भिंत चढत गेली. सासरच्या ग्रुपवर रोज सकाळी फॉरवर्ड, मी एकदा 'ही बातमी खोटी आहे, ही घ्या मूळ बातमी' असं टाकलं तर तीन दिवस ग्रुपवर शांतता आणि सासूबाईंचा फोन, सुनेने मोठ्यांना असं सगळ्यांसमोर बोलू नये. मी म्हटलं आई मी मोठ्यांना नाही बोलले, बातमीला बोलले.

मतदानाच्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं आणि वाटेत सांगितलं कुठलं बटण दाबायचं. मी काही बोलले नाही, आत गेले आणि माझं दाबलं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी कुणाची सून नसते, बायको नसते, ती जागा माझी फार लाडकी आहे.

नवऱ्याशी आता एक ठरलंय. जेवताना बातम्यांची चॅनेल बंद. मुलासमोर एकमेकांच्या नेत्याला शिव्या नाहीत, मुद्द्यावर कितीही भांडा. मुलगा आता विचारतो आई तुझं काय म्हणणं, बाबांचं काय म्हणणं, आणि दोन्ही ऐकून तिसरंच बोलतो.

---

पारिजात | बुधवार, दुपारी १२:०५

आमच्याकडे स्थळ बघताना आता मुलाचं फेसबुक आधी बघतात. पूर्वी पत्रिका, मग पगार, आता पोस्टी. भाचीने एका चांगल्या नोकरीच्या मुलाला नाही म्हटलं कारण त्याच्या वॉलवर बायकांच्या आरक्षणाबद्दल घाणेरडे मीम होते. घरचे म्हणाले एवढ्यावरून कोण नाही म्हणतं. मला तर तिचं एकशे एक टक्के पटलं, उद्या हा माणूस घरात तिचं मत ऐकेल का?

---

निरंजन_वि | बुधवार, दुपारी ४:४५

@पारिजात, लग्न आणि राजकारण वेगळं होतं कधी आपल्याकडे? १८७३ ला सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्न लावलं, ते जितकं लग्न होतं तितकंच राजकारण होतं. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, १८८७ ला कोर्टाने सांगितलं जा नाहीतर सहा महिने तुरुंग, त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. पुढे त्या डॉक्टर झाल्या. १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं एवढाच मुद्दा, त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, आणि टिळकांसारखा नेता विरोधात होता. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. बाईचं घरातलं स्थान हा प्रश्न आला की राजकारण सगळ्यात जास्त तापतं, गेली दीडशे वर्षं तेच.

आणि गावाचंच बोलायचं तर शेतकरी संघटनेचं १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आठवा. लाखाच्या घरात शेतकरी बायका जमल्या होत्या. त्यातून दोन गोष्टी निघाल्या, बायकांनी पंचायत राज्याच्या निवडणुका लढवायच्या आणि पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, लक्ष्मीमुक्ती. घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. शरद जोशींनी दोन्ही एकत्र का धरलं ते मला इथल्या चर्चेवरून पुन्हा पटलं. जिच्या नावावर काहीच नाही तिला घरात 'नाही' म्हणता येत नाही, मग मासिक सभेत कुठून येणार?

---

माजी_ग्रामसेवक | बुधवार, सायंकाळी ६:१५

निरंजन, शेवटच्या वाक्याला दाद. माझ्या बघण्यातल्या ज्या सरपंच बाई ताठ राहिल्या त्यातल्या बहुतेकींचं काही ना काही स्वतःचं होतं. कुणी अंगणवाडी सेविका राहून गेलेली, कुणी बचत गटाची अध्यक्ष, कुणाच्या नावावर सातबारा.

केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०२५ ला या नवरे मंडळींच्या कारभारावर अहवाल दिलाय, त्यात जबर दंडाची शिफारस आहे. दंडाने थोडा फरक पडेल पण रोजचा फरक प्रशिक्षणाने पडतो. यशदाची (राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था) प्रशिक्षणं असतात, तिथे बाईला एकटीला पाठवा. तिथून परत आल्यावर बोलण्यात फरक पडलेला मी स्वतः ऐकलाय.

---

भाऊसाहेब_नगरी | बुधवार, रात्री ९:४०

एक मात्र बोलायचं राहिलं. दादाचं काय? त्या माणसाने घरदार सोडून गावासाठी वर्षं घातली, आणि आता त्याने टपरीवर थांबायचं म्हणता. त्याच्या मनाचा विचार कोण करणार? त्याला पण काहीतरी काम द्या नाहीतर तो कुढेल आणि कुढणारा माणूस संसार आणि पंचायत दोन्ही बिघडवतो. प्रचार त्याने करावा, पॅनल त्याने बांधावं, स्वतः सर्वसाधारण वॉर्डातून सदस्य म्हणून उभं राहावं. मग सभेत बसायचा हक्क त्याला स्वतःचा असेल. तिथे तो नवरा नाही, एक सदस्य.

---

शेवंता | बुधवार, रात्री १०:०८

भाऊसाहेब, हे मला पटलं. आमच्या यांना ते मिळालं नाही म्हणून पहिली तीन वर्षं तशी गेली. फक्त उपसरपंच नको, नाहीतर खुर्ची परत शेजारीच लागते.

---

केतकी_म | शनिवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार मानते, आणि काय झालं ते सांगते.

उमाताईंचा प्रश्न मी वहिनीला विचारला, तुला हवंय का. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली हवंय, शाळेच्या दोन खोल्या गळतात आणि मुलींच्या संडासला दार नाही हे मी किती वर्षं बघतेय. हे तिने दादाला कधी सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं.

काल गावी गेले. धागा मोठ्याने वाचून दाखवला, आईबाबा, दादा, वहिनी सगळे बसले होते. शेवंताताईंच्या डोंगलपाशी दादा उठून बाहेर गेला. मग परत आला आणि म्हणाला पुढे वाच. वहिनीने स्वतःच सांगितलं की नंबर माझा, डोंगल माझ्याकडे, प्रोसिडिंग सभेतच पूर्ण होणार, घरी येणार नाही. आणि सकाळचा स्वयंपाक सभेच्या दिवशी मी करणार नाही. शेवटच्यावर बाबा जरा घुटमळले, आई म्हणाली मी आणि तुम्ही मिळून करू. बाबा!! दादा वॉर्डातून उभं राहायला तयार आहे. पण बिलांचं त्याने स्पष्ट कबूल केलं नाही अजून, ठेकेदारांत त्याचे मित्र आहेत. वहिनी म्हणाली तेवढं राहू दे, ते मी बघते.

फॉर्म ८ भरलाय. उद्या माहेरी जाऊन तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला शोधायचाय.

---

उमाताई_जालना | शनिवार, रात्री ८:४१

मुलींच्या संडासला दार. बस, हाच जाहीरनामा छापा.

---

अ‍ॅड_बार्शीकर | शनिवार, रात्री ९:१५

आजोबांचा दाखला मिळाला नाही तर त्यांच्या भावांचा, आत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनी जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद चालू शकते, रक्ताचं नातं वंशावळीने दाखवावं लागेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून ठेवा. आणि निवडणूक झाली की खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्यायचा, जिंको वा हरो. तो दिला नाही म्हणून पुढच्या निवडणुकीला अपात्र झालेले बरेच आहेत, त्यात बायकाच जास्त भेटतात मला, कारण हिशेब घरातल्या पुरुषाने द्यायचा राहिलेला असतो.

---

सह्याद्री_पायवाट | रविवार, सकाळी ७:२५

सगळा धागा वाचला. माझी गोष्ट उलटी आहे, बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आणि मला सदस्यपदाला उभं राहायचंय. तिच्या नोकरीला काही धोका?

---

अ‍ॅड_बार्शीकर | रविवार, सकाळी ८:५०

तुम्ही उभे राहू शकता, पत्नी नोकरीत आहे म्हणून तुमचा फॉर्म अडत नाही. पण तिच्यावर वर्तणूक नियमांचं बंधन आहे, तिने प्रचार करायचा नाही, फेरीत चालायचं नाही, तुमच्या पोस्टरवरच्या कौटुंबिक फोटोत पण नको. तिच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तुमचं चिन्ह ठेवलं तरी विरोधक स्क्रीनशॉट घेऊन बीडीओकडे जातात. मत द्यायचा तिचा हक्क पूर्ण आहे. शपथपत्रात तिचं उत्पन्न, सोनं, कर्ज सगळं दाखवावं लागेल, तेव्हा आधी तिला विचारून आकडे घ्या, अंदाजाने लिहू नका.